माझा सातवा नियम

मी एक जुनी नियमावली आहे. मित्रांनो, नियमावली म्हटल्यावर तुमचा चेहरा कसा होतो ते मला ठाऊक आहे. शाळेच्या डायरीचे पहिले पान, सोसायटीच्या लिफ्टशेजारची पाटी, बागेच्या फाटकावरचा फलक, ही सगळी माझी भावंडे. कोणी वाचत नाही तरी ती बिचारी आपल्या जागी उभी असतात. मला तर उभे राहायला भिंतही नाही. मी संगणकात राहते. माझे वय आठ वर्षे आहे, पण संगणकाच्या जगात आठ वर्षे म्हणजे म्हातारपणच. म्हणून मी स्वतःला जुनी म्हणवून घेते आणि थोडी कुरकुर करण्याचा हक्कही मानते.

ज्या घराची मी नियमावली आहे त्याचे नाव ‘चाहूल’. चाहूल ही एक ओपन सोर्स लायब्ररी आहे. या लायब्ररीत पुस्तके नसतात. संगणकाला एखादे काम शिकवणाऱ्या आज्ञांचा तो साठा असतो, आणि तो सगळ्यांसाठी खुला असतो. ज्याला हवा त्याने न्यावा, वापरावा, आणि काही चांगले सुचले तर त्यात भर घालावी. चाहूल संगणकाला आवाज ओळखायला शिकवते. कुकरची शिट्टी झाली, बाळ रडले, नळ उघडा राहिला, की ती ते ऐकते आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या हातातला फोन थरथरवते. आता भर कोणीही घालू शकतो म्हटल्यावर ती कशी घालावी, आवाजांना नावे कशी द्यावीत, हे सांगणारे कोणीतरी लागतेच. ते काम माझे.

माझा जन्म घाटकोपरला, डोंगरावरच्या वस्तीत, एका दहा बाय बाराच्या खोलीत झाला. मला लिहिणाऱ्याचे नाव किरण. तो आणि त्याची आई द्रौपदीबाई तिथे राहत. जालन्याकडून मुंबईत आल्यावर द्रौपदीबाईंनी पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात बावीस वर्षे काम केले. दिवसभर ठोकाठोक. हळूहळू त्यांचे कान गेले. “घरी यायच्या घाईत कान तिथंच विसरून आले,” असे त्या स्वतःच सांगत आणि हसत. त्यांच्यासाठी किरणने चाहूल बनवली.

चाहूलने शिकलेला पहिला आवाज कुकरचा नव्हता, बाळाचाही नव्हता. तो दाराच्या कडीचा होता. त्या गल्लीत कोणाच्या दाराला बेल नाही. नळ सगळ्यांचा मिळून एक, आणि त्याला पाणी येते अकरा ते एकच्या दरम्यान कधीतरी, तेही चाळीस मिनिटे. नळाशेजारच्या खोलीत कुंदा राहते, मूळची कुडाळची. पाणी आले की ती आधी द्रौपदीबाईंच्या दाराची कडी वाजवायची, दोनदा, मग जरा थांबून एकदा, आणि मग स्वतःची कळशी लावायची. द्रौपदीबाईंचे कान गेल्यावरही तिची ही सवय सुटली नव्हती. किरणने तिच्याकडून चौदा वेळा कडी वाजवून घेतली, ती रेकॉर्ड केली आणि त्या आवाजाला नाव दिले ‘दार_कडी’.

पुढे चाहूलची माहिती पसरली. बोरिवलीहून, नाशिकहून, कुठून कुठून लोक आपापल्या घरचे आवाज पाठवू लागले. नावांचा नुसता गोंधळ झाला. कोणी ‘आवाज१’ लिही, कोणी ‘नवीन’, आणि एका शहाण्याने तर ‘फायनल_खरंच_फायनल’ असे नाव पाठवले. त्या दिवशी किरण पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून बसला आणि त्याने मला लिहिले. नावात आधी वस्तू, मग आवाज. कुकर_शिट्टी, नळ_ठिबक, दार_कडी. एका वेळी एकच बदल पाठवावा. दुसऱ्याच्या कामाला नावे ठेवताना भाषा नीट ठेवावी. असे सहा नियम झाले. मग त्याने आईकडे पाहिले, जरा विचार केला आणि सातवा लिहिला.

तो सातवा नियम असा होता: “प्रत्येक आवाजाच्या नावाखाली तो कोणाच्या घरचा आहे ते एका ओळीत लिहावे. कोणताही आवाज काढून टाकण्याआधी त्या घरी विचारावे.” आणि त्याखाली पहिली ओळ आली: “दार_कडी: द्रौपदीबाई, घाटकोपर. पाणी आल्यावर शेजारीण कुंदा वाजवते.”

खरे सांगते, या नियमाचा मला फार अभिमान होता. बाकीचे नियम कुठल्याही नियमावलीत सापडतील. पण माझ्या सातव्याखाली माणसे राहायला आली. “पोपट_ओरडणे: शरच्चंद्र काका, बोरिवली. खिडकीत मांजर आले की ओरडतो.” “काठी_पडणे: राधाआजी, नाशिक. आजी स्वतः पडली तर काठीही पडते, म्हणून.” पाच वर्षांत अशी एकेचाळीस घरे झाली. लोक माझे कौतुक करत. एका शिक्षकांनी लिहिले, की इतकी सोपी नियमावली त्यांनी पाहिली नाही. मी तेव्हा हुरळून गेले होते, खोटे कशाला बोलू?

मग माझे वाईट दिवस सुरू झाले, आणि तेही एका लहानशा चौकोनाने. भर घालणाऱ्याला शेवटी एका चौकोनात खूण करावी लागते: ‘मी नियम पूर्ण वाचले आहेत.’ मित्रांनो, मला वाचायला निदान दहा मिनिटे लागतात. लोक मला उघडून तीन सेकंदांत खूण करत. मी तिथेच असते, मला दिसते ना! पण बोलणार कोणाला?

याच सुमारास किरणचे लग्न झाले. त्याला आणि त्याची बायको शीतल हिला, दोघांनाही मालाडला नोकरी होती, म्हणून त्यांनी तिकडे घर घेतले. आईसाठी खोली तयार ठेवली. द्रौपदीबाईंनी साफ नकार दिला. “माझी माणसं इथं आहेत. तिथं सातव्या मजल्यावर मी कुणाचं तोंड बघू? मी कुठं येत नाय,” त्या म्हणाल्या. बरीच वादावादी झाली. शेवटी मायलेकांचे ठरले, की चाहूल जोवर काम करते आहे तोवर आईने घाटकोपरला राहावे. ज्या दिवशी ती चुकेल त्या दिवशी सामान बांधायचे. म्हणजे द्रौपदीबाईंचे स्वतःच्या घरात राहणे आता त्या फोनच्या थरथरण्यावर अवलंबून होते.

किरणला वेळ मिळेना, म्हणून चाहूलची देखभाल मुकुलने घेतली. मुकुल मुलुंडचा, एका मोठ्या ऑफिसात काम करणारा, टापटिपीचा माणूस. वाईट नाही हो, अजिबात नाही. सुट्टीचे दिवस तो चाहूलला देई. त्याच्याकडे तक्रारी येत, की स्वयंपाकघरात चमचा पडला तरी फोन ‘कडी वाजली’ असे सांगतो. कारण उघड होते. चौदा वेळा ऐकून यंत्र कितीसे शिकणार? मुकुलने नवा नियम केला, की ज्या आवाजाची पन्नासपेक्षा कमी रेकॉर्डिंग असतील तो काढून टाकायचा. शिवाय लोकांची नावे आणि गावे अशी उघड्यावर का ठेवायची, हेही त्याला खटकले, आणि तेही अगदी चूक नव्हते. तोवर माझे तेवीस नियम झाले होते. त्याने काटछाट करून आठ ठेवले. सातवा गेला आणि त्याच्याबरोबर माझी एकेचाळीस घरे गेली.

असा मोठा बदल करताना दुसऱ्या कोणाची तरी संमती लागते. मुकुलने किरणला विचारले. किरण तेव्हा ऑफिसात दोन मीटिंगांच्या मध्ये जिना चढत होता. त्याने फोनवरच ‘मी पूर्ण वाचले आहे’ या चौकोनात खूण केली आणि खाली लिहिले, “झकास!” ज्याने मला पिठाच्या डब्यावर लॅपटॉप ठेवून लिहिले, त्यानेच मला न वाचता खूण केली. मला त्या क्षणी जे वाटले ते आजही आठवते. मला वाईट वाटले, आणि रागही आला.

पुढचे जे घडले ते किरणने नंतर चाहूलच्या चर्चेच्या पानावर सविस्तर लिहिले. ते पान माझ्या शेजारीच असते, म्हणून मला सगळे माहीत आहे.

नवी आवृत्ती गुरुवारी सकाळी आली. फोन ती आपोआप घेतात, तशी द्रौपदीबाईंच्या फोनने घेतली. साडेअकराला पाणी आले. कुंदाने कडी वाजवली. फोन गप्प राहिला, कारण दार_कडी हा आवाज आता त्याला माहीतच नव्हता. द्रौपदीबाईंना वाटले, आज पाणी आले नाही. शुक्रवारी त्या दार उघडून पाहतात तर गल्ली ओली आणि सगळ्यांचे ड्रम भरलेले. आपल्याला कोणी बोलावले नाही! आता गंमत अशी, की त्याच आठवड्यात त्यांनी कुंदाच्या जावयाला तोंडावर आळशी म्हटले होते. त्यामुळे त्यांनी मनाशी हिशेब लावला, की कुंदा रुसली. शनिवारीही तसेच झाले. न बोलावता नळावर जाऊन उभे राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

इकडे कुंदाची समजूत निराळीच झाली. तीन दिवस ती कडी वाजवत होती आणि आतून हालचाल नाही. जावयाबद्दल बोलली ती बोलली, वर आता दारही उघडत नाही, म्हणून तिनेही चौथ्या दिवसापासून कडीला हात लावला नाही. तीस वर्षांच्या शेजारणी एकमेकींना पाहून मान फिरवू लागल्या.

रविवारी किरण आला तर ड्रम कोरडा. आईशी बोलायचे ते तो फोनवर लिहून दाखवतो. त्याने विचारले, पाणी का भरले नाही? “कुणी बोलावलं नाय,” द्रौपदीबाई म्हणाल्या. किरणने चाहूल तपासली. कुकर लावून पाहिला, फोन थरथरला. स्वतःच्या फोनवर बाळाचे रडणे लावले, आईचा फोन थरथरला. कडी वाजवून पाहायचे मात्र त्याला सुचले नाही, तो तर चाहूलने शिकलेला पहिलाच आवाज. यंत्र तर बरोबर आहे, मग माणसेच बदलली, असे त्याने ठरवले. खालून पाण्याचे दोन कॅन खांद्यावरून वर आणले, धापा टाकत बसला आणि लिहिले, “बस झालं आई. पुढच्या रविवारी टेम्पो आणतो.”

त्याला वाटले होते, आई भांडेल. द्रौपदीबाईंनी एकदा दाराकडे पाहिले. मग म्हणाल्या, “आण.” सोमवारी त्यांनी भांडी गोणपाटात बांधायला घेतली.

त्याच सोमवारी भांडुपच्या तेजलने चाहूलला तिची पहिली भर पाठवली. तेजल इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या मावशीला कमी ऐकू येते आणि मावशी घरी शिवणकाम करते. मशीनचा धागा तुटला तरी तिला कळत नाही, कापडावर नुसतीच सुई चालत राहते. धागा तुटल्यावर मशीनचा आवाज किंचित बदलतो. तेजलने तो एकोणीस वेळा रेकॉर्ड केला होता. चाहूलने तो परत पाठवला. पन्नासपेक्षा कमी, म्हणून नामंजूर.

दुसरे कोणी असते तर वैतागून निघून गेले असते. तेजल मात्र मला वाचायला बसली. शब्द न् शब्द. अहो, कितीतरी वर्षांनी मला कोणी असे वाचत होते! आठ नियम वाचून तिचे समाधान होईना. पन्नासच का, हा नियम आला कुठून, हे शोधायला ती मागे गेली. आमच्याकडे एक चांगली रीत आहे. नियमावली बदलली तरी तिची प्रत्येक जुनी प्रत जपून ठेवलेली असते, फक्त ती कोणी उघडत नाही. तेजलने एकेक प्रत उघडली आणि बुधवारी दुपारी तिला माझा सातवा नियम सापडला. तिने चर्चेच्या पानावर विचारले:

“जुन्या प्रतीत लिहिलंय, आवाज काढायच्या आधी त्या घरी विचारा. तुम्ही दार_कडी काढलंय. त्या द्रौपदीबाईंना कोणी विचारलं का?”

मुकुलने लगेच लिहिले, “तो नियम आता नाही. प्लीज नवीन नियम वाच.”

“वाचले ना. पण त्यात कुठला आवाज काढायचा ते आहे, तो कोणाचा आहे ते नाही. पाणी आल्यावर शेजारीण वाजवते असं लिहिलंय. मग आता त्यांना पाणी आलेलं कसं कळतं? त्या अजून तिथेच राहतात का?”

तासाभराने किरणचे उत्तर आले.

“रविवारपर्यंत राहतात. ती माझी आई आहे.” आणि त्याखाली थोड्या वेळाने, “वाट लागली यार. मी न वाचता खूण केली होती.”

किरण गुरुवारी सुट्टी टाकून घाटकोपरला गेला. मुकुलही मुलुंडहून आला. तेजलचे कॉलेज विद्याविहारला, तीही पोहोचली. मुकुलला डोंगर चढायची सवय नव्हती, तो दर वळणावर थांबत होता. किरणने आईच्या फोनवर जुनी प्रत परत चढवली. मग तिघे कुंदाकडे गेले. तिने त्यांना आत बसू दिले नाही, दारातच ऐकवले.

“माका काय विचारतास? तीन दिस मी कडी वाजवतंय, पण ती ढिम्म हलणा नाय! जावयाक आळशी म्हटल्यान, ता पण मी गिळलंय.”

किरणने तिला समजावले, की फोनच मुका झाला होता आणि तो मुका करणारे दोघे, म्हणजे तो स्वतः आणि मुकुल, तिच्यासमोर उभे आहेत. कुंदाने मुकुलला खालपासून वरपर्यंत पाहिले. मग ती द्रौपदीबाईंच्या दाराशी गेली आणि कडी वाजवली. दोनदा, मग जरा थांबून एकदा.

आत बांधलेल्या गोणपाटांमध्ये बसलेल्या द्रौपदीबाईंच्या हातात फोन थरथरला. त्यांनी त्यावरचे नाव वाचले आणि दार उघडले. समोर कुंदा. तिने तीन बोटे दाखवली, कडीवर मूठ आपटल्याची खूण केली आणि मग हात कमरेवर ठेवले. द्रौपदीबाईंना समजायला वेळ लागला नाही.

“म्हणजे तू येत होतीस व्हय?” त्या म्हणाल्या. मग डोळे पुसत, “तुझा जावई आळशीच हाय. पण कडी वाजवायची थांबू नकोस बाई.”

कुंदाही रडली. किरणने लिहिले आहे, की तो आणि मुकुल दोघे जमिनीकडे पाहत उभे राहिले. मग किरणने आईच्या पुढे फोन धरला. झाले ते सगळे त्याने त्यात लिहिले होते, स्वतःची खूणसुद्धा. द्रौपदीबाईंनी ते सावकाश वाचले.

“ठरलं काय होतं? चाहूल चुकली तर मी जायचं. चाहूल कुठं चुकली? तू चुकलास,” त्या म्हणाल्या.

“मी पण, मावशी,” मुकुल म्हणाला, आणि त्यांना ऐकू येत नाही हे आठवून त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

“टेम्पोवाल्याला नको म्हणून सांग,” त्यांनी किरणला सांगितले. “आणि ह्या गाठी सोड. बांधल्या मी, आता हात दुखतात.”

किरण खाली बसला आणि एकेक गाठ सोडू लागला. मुकुल तोवर गल्लीत फिरत होता. त्याला छत्तीस रेकॉर्डिंग हवी होती. गल्लीतल्या बायकांना हे कळल्यावर त्यांनी आपापल्या दारांच्या कड्या वाजवायला सुरुवात केली, दोनदा आणि एकदा, कुंदाच्याच चालीवर. तेजलने मोजली, पन्नास नव्हे, एकशे सात झाली. पण तिने मुकुलला बजावले, की प्रत्येक घराची अशी गल्ली नसते. “माझी मावशी एकटीच मशीन चालवते, ती पन्नास धागे तोडणार का?” तिने विचारले. मुकुलला ते पटले. आता चाहूलमध्ये ‘घरचे आवाज’ असा वेगळा कप्पा आहे. ज्या घरचा आवाज, त्याच घरच्या फोनला तो शिकवला जातो, म्हणून दुसऱ्यांचे चमचे पडले तरी हरकत नाही. त्या कप्प्यात तेजलचा शिवणयंत्र_धागा आला. शरच्चंद्र काकांचा पोपटही परत आला.

आणि माझा सातवा नियम परत आला. नाव लिहू का, हे आता आधी विचारले जाते. ज्यांना नको असेल त्यांचे नुसते ‘एक घर’ असे लिहितात. द्रौपदीबाईंना विचारले तेव्हा त्यांनी नाव तर लिहू दिलेच, वर एक वाक्य स्वतः सांगितले.

मित्रांनो, तुम्ही मोठे झाल्यावर पुष्कळ चौकोनांत खुणा कराल. एखादा जुना नियम तुम्हाला निरुपयोगी वाटेल, आणि काही नियम खरोखरच तसे असतात, ते खुशाल काढा. पण आधी वाचा, आणि तो कोणासाठी लिहिला होता ते शोधा. मी म्हातारी आहे, मला एवढेच मागता येते. पुढच्या वेळी मला उघडलेत तर घाईघाईने खाली जाऊ नका. सातव्या नियमापाशी जरा थांबा. तिथे पहिल्याच ओळीत लिहिले आहे:

“दार_कडी: द्रौपदीबाई, घाटकोपर. पाणी आल्यावर शेजारीण कुंदा वाजवते. मी अजून इथंच राहते. काही काढायचं असेल तर येऊन विचारा.”